हलकं म्हणून घेतलं

९ नोव्हेंबर

बीपी १४०/८८. सकाळची गोळी दिली.

ही डायरी कंपनीची, गेल्या वर्षीची, कोरीच पडून होती. वार सगळे चुकीचे आहेत, तारखांपुरती चालते. ऑगस्टमध्ये बाबांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले की रोजचं बीपी लिहून ठेवत जा. आकडा लिहिला की बाकी पान रिकामं राहतं आणि मला रिकामं पान बघवत नाही. हर्षा म्हणते, बायकोशी बोलायचं ते सगळं डायरीशी बोलता.

आज धनश्री आली होती. ही मुलगी कापडाच्या कॉलेजात शिकवते आणि जुन्या नागपुरी किनारी शोधत फिरते. नागपुरात आमच्या तांडापेठेत आता कोणाच्या घरी माग शिल्लक आहे हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. आमचा माग मी बारावीत असतानाच गेला. मागाच्या खड्ड्यावर फरशी टाकली आणि त्यावर आज फ्रिज उभा आहे.

तिला उमरेडला यमुताई नावाच्या एका म्हातारीच्या पेटीत साडी सापडली. दुहेरी करवतीची किनार, म्हणजे करवतीच्या दातांच्या दोन रांगा समोरासमोर, एक दात लहान, एक मोठा. ती माझ्या आजोबांनी विणलेली. कापड घडीवर इतकं विरलं आहे की यमुताईंनी एकदाच उलगडू दिलं, फोटो काढू दिले आणि परत पेटीत ठेवलं. आता ती साडी पुन्हा उघडली तर तुकडेच हातात येतील. धनश्रीला तारा, म्हणजे कापडातले धागे, मोजता येतात, पण कोणती तार कोणासोबत उचलायची आणि दात नेमका कुठे वळवायचा, हे तिला वाचता येत नाही. आजोबांच्या मागाशी लहानपणी बसून हे शिकलेला एकच माणूस उरला आहे आणि तो आमच्या पुढच्या खोलीत खाटेवर पडून आहे.

तिने आधी छापील फोटो दाखवले. बाबा म्हणाले, "शाईत तार फुटते बाई." मग तिने लॅपटॉप उघडला. बाबांचा डावा हात झटक्यापासून काही धरून ठेवत नाही. मांडीवर ठेवला तर लॅपटॉप आडवा होतो. शेवटी मीच तो त्यांच्या छातीसमोर धरून बसलो, पूर्ण एक तास. आठवडाभर पहिली पाळी करून आज दुपारी झोप काढायची होती, ती राहिली. बाबा मात्र उजव्या हाताचं बोट हवेत हलवत सांगत होते, "तीन वर, एक खाली, दोन वर... थांब, इथं दात वळला." धनश्री चौकटीच्या कागदावर भराभर भरत होती. एका तासात एक वीत किनार वाचून झाली. असे अकरा फोटो उरले आहेत.

माझे हात भरून आले होते. बाबांनी ते पाहिलं असावं, कारण तेच म्हणाले, "बस झालं आज."

१२ नोव्हेंबर

बीपी १३८/८६.

धनश्री तीन महिन्यांसाठी बंगळुरूला चालली. फोटो मेलवर पाठवेल. उमरेडचा भूपेश त्याच्या मागावर ही किनार लावून द्यायला तयार आहे, पण जानेवारीअखेरपर्यंतच. फेब्रुवारीत तो हिंगण्याला, माझी कंपनी आहे तिथेच, एका कारखान्यात लागतो आहे आणि माग मोडणार आहे. त्याच्यानंतर तिकडे असा माग लावणारं कोणी नाही, असं ती म्हणाली.

म्हणजे बाबांना एक टॅब घेऊन द्यावा लागणार. दारात चप्पल घालताना ती म्हणाली, "काका, स्क्रीन जरा चांगली बघून घ्या." मी हो म्हटलं.

बाबांना इतक्या दिवसांनी काम मिळालं आहे. सकाळी स्वतःहून दाढी करायला मागितली.

१६ नोव्हेंबर

जरीपटक्याला गुलाबचंदच्या दुकानात गेलो. आमच्या घरचे सगळे मोबाइल त्याच्याकडचेच. त्याने दोन टॅब काढून ठेवले. एक लहान, आठ इंची, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत. दुसरा मोठा, अकरा इंची, अर्धा किलोच्या वर. किंमत जवळपास सारखीच, कारण मोठा गेल्या वर्षीचा होता आणि ऑफरमध्ये होता.

गुलाबचंद म्हणाला, "देखो भाईसाब, बुजुर्ग आदमी के वास्ते बडा वाला लो. इसका स्क्रीन एकदम साफ है. छोटे वाले में बारीक चीज फटती है."

मी म्हटलं, "उनको हाथ में पकडना है. हाथ में दम नहीं है."

दोन्ही टॅब मी एकेका तळहातावर ठेवले आणि डोळे मिटले. लहानपणी बाबांना पाहिलं आहे. घडी केलेली साडी तळहातावर घ्यायची, डोळे मिटायचे आणि वजनावरून सांगायचं की सूत किती बारीक आहे. हलकं ते बारीक, बारीक ते चांगलं. कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्याला हे शिकवावं लागत नाही. दोन्हींत एका संत्र्याएवढा फरक होता. गुलाबचंद हसत होता, पण मला त्यात मजा आली.

खरं लिहायचं तर दुसरंही एक कारण होतं. हलका असला म्हणजे त्यांचा त्यांना धरता येईल. प्रत्येक वेळी मला समोर बसावं लागणार नाही.

लहान घेतला.

१७ नोव्हेंबर

बीपी १३६/८४. बऱ्याच दिवसांत इतकं चांगलं नव्हतं.

बाबांना टॅब दिला. त्यांनीही आधी उजव्या तळहातावर घेऊन तोलला. "हलका हाय," म्हणाले आणि खूश झाले. मी हर्षाकडे बघितलं, म्हटलं ना, या अर्थाने.

मग त्यांनी उशीखालून भिंग काढलं. तारा मोजायचं पितळी भिंग, घडी होणारं, खाली चौकोनी खिडकी असलेलं. ते कापडावर ठेवून खिडकीतल्या तारा मोजायच्या असतात. बाबांनी ते चक्क टॅबच्या काचेवर ठेवलं आणि वाकून बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले.

"सुशील, यात लाल, हिरव्या अन् निळ्या तारा हायेत गा."

मी म्हटलं, "बाबा, ती स्क्रीन आहे. साडी नाही."

"तेच सांगून राहिलो मी. याचा ताणा जाडा हाय. जाड्या कापडावर बारीक किनार कशी उतरंन?"

ताणा म्हणजे मागावरच्या उभ्या तारा, त्या काचेत कुठून येणार. हर्षा पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आवरलं नाही. बाबा आमच्याकडे बघत राहिले, मग तेही हसले आणि भिंग मिटवलं. "पयले भिंग, मंग तळहात," एवढंच म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला नव्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो.

२० नोव्हेंबर

कँटीनमध्ये भिंगाची गोष्ट सांगितली. माझ्या पाळीतला संघपाल हसून हसून तर्री सांडून बसला. आता मला रोज विचारतो, "काय गा, स्क्रीनचा ताणा किती तारांचा?"

२८ नोव्हेंबर

बीपी १४४/९०.

धनश्रीचे फोटो येऊन आठ दिवस झाले. बाबांनी एकही ओळ सांगितली नाही. आज विचारलं तर म्हणाले, "मले हे पाण्यावानी हालून राहिलं. किनारीतून लाट चालल्यावानी दिसते."

मी टॅब घेऊन पाहिला. मला नुसती लाल-काळी किनार दिसली, लाट वगैरे काही नाही. हर्षा म्हणते, "तुम्ही आधी चष्मा करून घ्या, मंग पहा." सत्तेचाळिसाव्या वर्षी चष्मा काय करायचा. कंपनीत माल तपासायला गेज असतो, डोळे लागत नाहीत.

दोन बोटांनी फोटो मोठा कसा करायचा ते बाबांना दाखवलं. त्यांनी केला. "मोठं केलं का शेजारची तार जाते," म्हणाले. "दात वाचायचा तं पूर्ण किनार एका नजरेत पायजे. तुकड्यात मले समजत नाही." लहान केला की लाट, मोठा केला की तुकडा. बोट थरथरतं म्हणून फोटो सरकतो तो वेगळाच.

मला वाटतं डोळ्यात मोतीबिंदू असावा. लॅपटॉपवर बरोबर दिसलं होतं त्याला तीन आठवडे झाले. या वयात तीन आठवड्यांतही डोळे उतरतात.

३ डिसेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. रिक्षात चढवताना-उतरवताना माझीही कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे पण अगदी कोवळा, सहा महिने थांबलात तरी चालेल. मी म्हटलं, थांबता येत नाही, जानेवारीत काम द्यायचं आहे. डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं, म्हणाले, "यांना काय काम आहे?"

बाबा म्हणाले, "किनार वाचायची हाय."

ऑपरेशन पंधरा तारखेला ठरलं. बीपी वगैरे सगळं बघून घेतील.

१५ डिसेंबर

ऑपरेशन झालं. दहा मिनिटांचा खेळ. बाबा घाबरले नाहीत. घरी आल्यावर हर्षाने कोथिंबिरीची सांबारवडी केली होती, ती एका डोळ्याने बघून तीन खाल्ल्या.

२४ डिसेंबर

बीपी १४२/८८.

डॉक्टरांनी आज तपासलं. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ बाबांनी घडाघडा वाचली. घरी येऊन पेपरातली श्रद्धांजलीची बारीक अक्षरंही वाचून दाखवली आणि कोण कोण गेलं ते आम्हाला सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, चला, एक काम झालं.

मग टॅब हातात दिला. पाच मिनिटांनी त्यांनी तो पोटावर पालथा ठेवला.

"अजून हालूनच राहिलं?" मी विचारलं.

"हालून राहिलं," ते म्हणाले.

संध्याकाळी संत्री सोलताना हर्षा म्हणाली, "मंग त्या पोरीच्या लॅपटॉपवर कसं दिसलं होतं बाबांना?" मी म्हटलं, तेव्हा दिसत होतं, आता नाही दिसत, त्याला मी काय करू. जरा जोरात बोललो. तिने सोललेलं संत्रं बाबांच्या हातात नेऊन दिलं.

ऑपरेशनचा एवढा त्रास बाबांना दिला त्याचं काय, हा विचार मला आत्ता लिहिताना येतो आहे. पण डोळे सुधारलेच ना. ते वाया गेलं नाही.

५ जानेवारी

बीपी १५०/९२.

आज मी बाबांवर ओरडलो.

भूपेशचा सकाळी फोन आला होता. ताणा लावून बसला आहे, किनारीचा हिशेब कधी देता म्हणून. माझी सुट्टी होती. मी कागद-पेन घेऊन खाटेजवळ बसलो, बाबांच्या हातात टॅब दिला, म्हटलं, जसं दिसतं तसं सांगा.

बाबा म्हणाले, "जसं दिसते तसं नाही हाय गा ते. दर वीस तारांनी दात फुगते अन् मंग बारीक होते. असा दात आमच्या बुढ्यानं कधी घातला नाही."

"दिसतं तर आहे ना तुम्हाला तसंच?"

"दिसते तं तसंच."

"मग साडीत तसंच असेल. साठ-सत्तर वर्षं झाली. तुम्ही विसरले असाल."

बाबा म्हणाले, "त्या दिवशी तू धरलं होतं ना, तवा साफ दिसलं होतं मले."

मी म्हटलं, "बाबा, मी काय रोज धरून बसू का? मले ड्युटी नाही का? तुमच्यासाठीच तर एवढा हलका आणला."

जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो आहे. त्यानंतर ते टॅब उजव्या हातात धरून, डोळे बारीक करून सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. अकरा फोटो तीन तासांत झाले. मध्येमध्ये ते थांबायचे, मी "हं, पुढे" म्हणायचो. शेवटी म्हणाले, "असं दिसते तं असंच असंन." कागदाचा फोटो काढून भूपेशला आणि धनश्रीला पाठवून दिला.

काम एकदाचं संपलं. पण बरं वाटत नाही आहे.

१८ जानेवारी

बीपी १५४/९४.

भूपेशने हातभर नमुना विणून बसने पाठवला. मी गणेशपेठच्या स्टँडवरून घेऊन आलो.

बाबांनी खिडकीखाली खाट सरकवायला लावली. नमुना मांडीवर पसरला, भिंग उघडलं आणि सुरुवात केली. इंच-इंच. मी जवळ उभा होतो. एकदाही अडखळले नाहीत. तीन वर, एक खाली. एका ठिकाणी म्हणाले, "इथं भूपेशची एक तार तुटली होती, त्यानं गाठ मारली." मी बोटाने चाचपून पाहिलं, खरंच गाठ होती. केसाएवढी.

किनारभर दात फुगत होते आणि बारीक होत होते. लाट चालल्यासारखी. मला ती आधी दिसली नाही. बाबांनी बोट ठेवून दाखवली तेव्हा दिसली.

"हे चूक हाय," बाबा म्हणाले. "भूपेशची नाही. त्यानं सांगितलं तसं केलं. चूक माही हाय."

मी म्हटलं, होतं असं, वय झालं.

"डोळे ठीक हायेत म्हणते डॉक्टर. मंग डोक्यातच पाणी शिरलं असंन, सुशील. बुढ्याची किनार मीच खराब केली."

धनश्रीला फोन लावायला सांगितला. तिला म्हणाले, "बाई, मले आता इचारू नको. मी सांगतो ते भरवशाचं नाही." ती पलीकडून काहीतरी समजावत होती. बाबांनी फोन माझ्याकडे दिला. बाबांना ती आजोबा म्हणते. म्हणाली, आजोबांनी पहिली वीत इतकी अचूक सांगितली होती, मला कळतच नाही. मी म्हटलं, मलाही कळत नाही.

२३ जानेवारी

बाबांनी भिंग मला आईच्या ट्रंकेत ठेवायला सांगितलं. मी ठेवलं.

२९ जानेवारी

बीपी १६४/९८. डॉक्टरांनी गोळी बदलली.

बाबा आता पेपर मागत नाहीत. दाढीही नको म्हणतात. हर्षाने पेपर पुढे केला तर म्हणाले, "मी वाचीन एक अन् असंन दुसरं." टॅब हर्षाकडे आहे, ती त्यावर भजनं लावून त्यांच्या उशाशी ठेवते. धरायला हलका आहे, एवढं खरं.

भूपेश एक तारखेपासून कामावर रुजू होतो आहे. माग काढून त्याने लाकडं गोठ्यावर ठेवली.

७ फेब्रुवारी

दोन तारखेला बाबा गेले.

सकाळी नऊच्या सुमारास दुसरा झटका. हर्षा चहा पाजत होती. मी पहिल्या पाळीला होतो. हिंगण्याहून संघपालच्या मोटरसायकलवर आलो, तोपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या दिवशी मी बीपी घेतलं नव्हतं. कंपनीची बस सुटेल म्हणून यंत्र लावलंच नाही. पान तसंच कोरं आहे.

निघताना त्यांना सांगितलंही नाही की जातो म्हणून. झोपले आहेत असं वाटलं. कदाचित जागे असतील.

१७ फेब्रुवारी

तेरवी झाली. दाखल्यासाठी महानगरपालिकेत गेलो तर तो फॉर्म मला वाचताच येईना. खिडकीवरची बाई म्हणाली, चष्मा कुठे आहे तुमचा. मागच्या माणसाने वडिलांचं नाव, वय, व्यवसाय वाचून दाखवलं. व्यवसायासमोर मी "विणकर" लिहिलं. कोणत्या रेघेवर लिहायचं तेही त्यानेच दाखवलं.

तिथून परस्पर जाऊन चष्मा करायला टाकला. परवा मिळेल.

२३ फेब्रुवारी

धनश्री आली. बंगळुरूहून परत आली तशी सरळ इकडेच. बाबांच्या फोटोसमोर बराच वेळ बसली. मग म्हणाली, "काका, मला एकच गोष्ट समजत नाही. आजोबांना लाटा का दिसल्या? मूळ साडीत तर कुठेच नाहीत."

तिने लॅपटॉप उघडला. मी नवा चष्मा लावला. किनार एकसारखी होती. लहान दात, मोठा दात, लहान दात, मोठा दात, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. तार न् तार वेगळी दिसत होती.

मी आतून टॅब आणला आणि तोच फोटो उघडून लॅपटॉपच्या शेजारी ठेवला.

लाट होती. किनारभर चालली होती. टॅब जरा हलवला की तीही हलायची. नोव्हेंबरपासून ती तिथेच होती. चष्मा नसल्यामुळे एवढ्या घरात ती फक्त मला दिसली नाही.

धनश्रीला लगेच समजलं. ती म्हणाली, या स्क्रीनचे ठिपके जाडे आहेत, तारा त्यापेक्षा बारीक. दोन्ही एकमेकांवर आले की मध्येच अशी लाट तयार होते, ती फोटोत नसते. आपल्या मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की दिसतं ना, तसं. ती हळू आवाजात सांगत होती, मला लागू नये म्हणून. पण हे मला कोणीतरी आधीच सांगितलं होतं, आमच्या बोलीत, एका वाक्यात. याचा ताणा जाडा हाय. जाड्या कापडावर बारीक किनार कशी उतरंन.

आणि मी ती गोष्ट कँटीनमध्ये हसायला नेली.

बाबांचे डोळे बरोबर होते. डोकंही बरोबर होतं. त्यांनी भिंग ठेवून पाचव्या मिनिटाला खोट काढली होती. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, डोळा कापून घेतला, बुढ्याची किनार विसरले म्हणून सांगितलं, आणि शेवटी त्यांना ते पटलं. या घरात सगळ्यात साफ ज्याला दिसत होतं, तो माणूस स्वतःच्या नजरेवरचा विश्वास उडून मेला. हे माझ्यामुळे झालं. दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकायला जागा नाही, गुलाबचंदने तर सांगितलंही होतं.

हर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

ट्रंकेतून भिंग काढून मी धनश्रीच्या हातात द्यायला लागलो. ती म्हणाली, "नको काका, तुमच्याकडे असू द्या." तिच्याकडे एक वीत किनार आहे, बाबांनी पहिल्या दिवशी सांगितलेली. तेवढी ती विणून घेईल, कुठे माग मिळाला तर. बाकीची फोटोत आहे आणि फोटोतच राहणार.

२ मार्च

सुट्टी. जरीपटक्याला गेलो. हर्षाला सांगितलं नाही.

गुलाबचंदकडे तो मोठा टॅब अजून होता. मी मोबाइलवरून त्यावर किनारीचा फोटो पाठवला आणि उघडायला लावला. खिशातून भिंग काढून काचेवर ठेवलं. मला मोजता येत नाही, ते काम मी कधी शिकलो नाही. भिंग उचललं. लाट नव्हती. संपूर्ण किनार एका नजरेत, आणि तार न् तार सुटी.

मग मी तो दोन्ही हातांत घेतला आणि छातीसमोर धरला, त्या दिवशी लॅपटॉप धरला होता तसा, पलीकडे कोणी उशीला टेकून बसलं आहे असं समजून. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मला फक्त बघायचं होतं की किती वेळ धरता येतो.

गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. दहा मिनिटांनी गुलाबचंद म्हणाला, "भाईसाब, बैठ जाओ." मी नको म्हटलं. वीस मिनिटांनी डावं मनगट थोडं दुखलं, ते सरकवून घेतल्यावर थांबलं. पुढे काही झालं नाही. काउंटरवर टेकवायचीही गरज पडली नाही. एक वाजून दहा मिनिटांनी मी तो खाली ठेवला.

"कैसा है?" गुलाबचंदने विचारलं. "भारी लगा क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "भारी नहीं है."